घरजावयाचं गंजकं छप्पर

हुंग थिएन-लू उस्तादांनी शेवटी शेवटी दूध प्यायचं सोडलं, तेव्हा आमच्या बुदाई गावात सगळ्यांनी "म्हातारा कंटाळला" म्हणून विषय मिटवला. कंटाळण्यासारखं बरंच होतंही. उजवं अंग गेलेलं, जीभ अर्धी लुळी, आणि खाटेसमोर दिवसभर घरजावयाचं तोंड. पण खरं कारण वेगळं होतं. ते फक्त त्या घरजावयाला, को वान-चिनला ठाऊक होतं, आणि त्याच्याकडून गोष्ट काढून घेणं म्हणजे सुरीशिवाय कालव उघडणं.

त्याला सगळे अ-चिन म्हणत. मासळीच्या तळ्यांपलीकडच्या एका वस्तीतला, भावंडांच्या लेंढारातला मधला कुठलातरी. उस्तादांना मुलगा नव्हता, पी-शिया ही एकच मुलगी. दुकान चालवायला माणूस हवा होता आणि हुंग नाव चालवायला नातू. दोन्ही कामं एकाच माणसाकडून उरकतील असा हिशेब करून त्यांनी अ-चिनला घरात घेतला. लग्नाच्या दिवशी आपली पेटी डोक्यावर घेऊन नवराच नवरीच्या दारात आला, आणि गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या राहून तोंडाला पदर नसल्यामुळे हातच लावून हसल्या. पुढे पोरगा झाला, तो हुंग झाला. तो मोठा होऊन काऊश्युंगच्या बंदरात नोकरीला लागला, तरी अ-चिन आपला को तो कोच. घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात त्याचा एकही पूर्वज नव्हता. उदबत्ती मात्र रोज त्यानंच लावायची.

दुकान मेलेल्यांच्या घरांचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद, आत कागदी पलंग, कागदी कपाट, दारात कागदी नोकर आणि मोलकरीण. माणूस गेला की असं घर जाळायचं, म्हणजे ते त्याला तिकडे पोचतं. उस्तादांची घरं अशी की माणसं जिवंतपणी येऊन आपल्यासाठी छप्पर पसंत करून जात. लाल कौलं, दोन्ही टोकांना पाकोळीच्या शेपटीसारखं उचललेलं आढं, आढ्यावर रंगीत माशांची रांग.

उस्तादांचा कायदा एकच होता. मेलेल्याच्या घराला भोक नको. घर तयार झालं की ते शटर ओढून घेत, अंधार करत आणि घराच्या पोटात पेटती बॅटरी ठेवत. मग सगळ्या बाजूंनी फिरून बघायचं. छपरातून कुठं उजेडाचा ठिपका दिसला की बांबूची ओली कामटी सप्पकन अ-चिनच्या पोटरीवर.

"हे काय आहे?"

"भोक, बाबा."

"मेलेल्यानं काय करायचं? छत्री घेऊन झोपायचं? तिकडे मिस्त्री मिळतो का रे? तू जाणार आहेस दुरुस्तीला?"

यात अतिशयोक्ती नव्हती. तरुणपणी एका घरात उस्ताद संडास करायला विसरले होते, तर ती मेलेली बाई लेकीच्या स्वप्नात आठवडाभर पाय एकमेकांवर दाबून उभी राहिली. शेवटी नुसता संडास करून जाळावा लागला. हा किस्सा उस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, म्हणजे गिऱ्हाईक खोलीवर खोली वाढवत नेई.

आता असा भोकांचा वैरी असलेला माणूस स्वतःच्या घरजावयाला कुठं ठेवेल? तर गच्चीवर, पन्हळी पत्र्याच्या खोलीत. "घरजावयाला सगळ्यांत वरची जागा दिलीय," असं उस्ताद चारचौघांत सांगत. पत्रे लग्नाच्या आधी त्यांनी स्वतःच ठोकले होते. खाऱ्या वाऱ्याला पत्रा म्हणजे खाऊच. एक-दोन पावसाळ्यांत समुद्राकडची बाजू तांबडी झाली. उन्हाळ्यात आत भाकर भाजावी अशी धग, पावसात कानात ढोल. आणि गळायचं. नेमकं अ-चिनच्या उशीवर.

पहिल्या वर्षी त्यानं भीत भीत सांगून पाहिलं. "बाबा, वरचा पत्रा गळतोय. माझ्या उशीवरच पाणी येतं."

"मग उशी सरकव."

उशी सरकवायला जागा नव्हती. खोलीच्या एका भिंतीला पलंग आणि दुसऱ्या भिंतीला पी-शियाचं कपाट, मधून माणूस आडवा होऊन जाणार. पायांची बाजू डोक्याला घ्यावी तर पाय दाराकडे होतात, आणि दाराकडे पाय करून फक्त मढं झोपवतात. पी-शिया पावसाच्या दिवसांत सरळ खाली आईपाशी जाऊन झोपायची. अ-चिन वर. कपाळावर थेंब झेलत तो पत्र्याकडे बघायचा. गंज कुठून सुरू होतो, कसा पसरतो, खिळ्याखालून ओघळ कसा उतरतो, दोन पत्र्यांच्या जोडात तो आधी काळा आणि मग नारिंगी कसा होतो. माणसं तारे पाहतात, बायकोचं तोंड पाहतात. यानं ऐन जवानी गंज पाहिला.

मग छापील घरं आली. कारखान्यातून पुठ्ठ्याची घडी येते, उलगडली की तीन मजली बंगला, मोटारीसकट. फांग नावाचा आमच्याकडचा मयताचा कंत्राटदार मांडव, बँड, रडायला बायका असं सगळं पुरवायचा. तोही उस्तादांच्या तोंडावर "हातच्या कामाची सर नाही" म्हणायचा आणि छापील घरं मागवायचा. दुकानात दुपारच्या दुपारी रिकाम्या जायला लागल्या. अ-चिनचे हात मोकळे राहीनात. थायनानला छोट्या घरांचं प्रदर्शन भरतं, तिथं हौशी लोक जुनी घरं हुबेहूब करून ठेवतात, असं त्यानं कुठंतरी पाहिलं. आणि यानं मिठागरावरची चौकीदाराची पत्र्याची खोपटी करायला घेतली, खऱ्याच्या विसाव्या हिश्श्याएवढी.

आधी त्यानं पत्र्याचे तुकडे खाऱ्या पाण्यात बुडवून खरा गंज आणून पाहिला. खरा गंज लहान घरावर शुद्ध खोटा दिसतो. त्याचे कण मोठे. छपराला खरूज झाल्यासारखं वाटतं. मग तो रंगाकडे वळला. पत्र्यावर आधी तांबूस तपकिरी रंग, त्यावर पी-शियाचा केसांना मारायचा फवारा, तो ओला आहे तोवर आपलं मिठागरातलं जाडं मीठ भुरभुरायचं, आणि वरून करडा रंग. वाळल्यावर ओल्या कुंचल्यानं मीठ खरवडलं की मीठ होतं तिथं वरचा रंग पोपडे धरून उडतो आणि खालचा गंज डोकावतो. असा की बोट लावावं आणि बोट पाहावं.

समुद्रदेवीच्या उत्सवात उस्तादांच्या अंगणात जेवणावळ होती. टेबलावर खेकड्याच्या भाताचा टोप आणि शेजारी अ-चिननं जरा धिटाईनं आणून ठेवलेली ती खोपटी.

"या, बघा आमच्या जावईबापूंची कला!" उस्ताद ओरडले. "इतकी वर्षं याला भोकं बुजवायला शिकवलं, आणि हा भोकं पाडून आलाय."

"पण अगदी खरं वाटतं हो," फांग म्हणाला.

"खरं? खरं असेल तर गळलं पाहिजे."

आणि त्यांनी हातातल्या पेल्यातला चहा सावकाश त्या छपरावर ओतला. पुठ्ठ्याच्या भिंती मऊ झाल्या, खोपटी एका अंगाला बसली, दारातून चहा बाहेर आला.

"गळलं! गळलं! खरं आहे बाबा!" फांगनं टाळ्या वाजवल्या.

"आणि ऐक रे," उस्ताद अ-चिनला म्हणाले, "पत्रा जळत नाही. जे जळत नाही ते कुणाला पोचत नाही. तुझं काम ना जिवंताच्या उपयोगाचं ना मेलेल्याच्या."

सगळे हसले. अ-चिनही हसला. घरजावयाला सगळ्यांबरोबर हसावं लागतं, एकट्यानं हसायची त्याला मुभा नसते. पाहुणे गेल्यावर त्यानं खोपटी उचलली आणि उन्हात ठेवली. वाळल्यावर बघतो तर चहाचे ओघळ पन्हळींतून उतरून इतके अस्सल दिसत होते की त्या दिवसापासून तो गंजाला शेवटचा हात चहाचाच द्यायला लागला. म्हातारा त्याला नकळत एवढं शिकवून गेला.

पुढं उस्तादांची बायको वारली, आणि एका सकाळी उस्तादांच्या उजव्या हातातून कामटी पडली ती पडलीच. अर्धांगवायू. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली, डावी तशीच. त्यामुळे ते रडत असले तरी अर्धे हसल्यासारखे दिसत. पी-शियानं त्यांची खाट खाली दुकानातच लावली, अ-चिनच्या कामाच्या टेबलासमोर. ती स्वतः दिवसभर कालवं सोलायच्या शेडमध्ये. म्हणजे म्हाताऱ्याचं हगणंमुतणं, कूस बदलणं, चमच्यानं दूध पाजणं हे सगळं अ-चिनकडे. डॉक्टरनं म्हाताऱ्यांसाठीची ती डब्यातली पौष्टिक दूधपावडर सांगितली होती. डबे चांगले, जड, पातळ पण कणखर पत्र्याचे.

अ-चिननं तेव्हाच प्रदर्शनासाठी मोठं काम काढलं होतं. ज्या घरात ते राहत होते तेच घर, खाली विटांचं दुकान, वर गच्ची, आणि गच्चीवर ती पत्र्याची खोली. रिकामा डबा कापायचा, पत्रा सपाट करायचा, खाचा पाडलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांत धरून वाईसच्या पकडीत आवळायचा. बाहेर येताना पन्हळी पत्रा. म्हातारा खाटेवरून बघत असे. दुसरं काही बघायला नव्हतंच.

एके दिवशी त्यानं डावा हात उचलला. "कु... णाचं?"

"आपलंच घर आहे, बाबा. ओळखलं नाहीत?"

"कुणा... साठी?"

अ-चिन खरं सांगणार होता. ओठांवर आलं होतं: हे थायनानच्या प्रदर्शनाचं आहे, बाबा, तुमचं मी वेगळं करीन, लाल कौलांचं, पाकोळीच्या शेपटीचं. एवढंच वाक्य. पण त्यानं वर पाहिलं तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांत त्याच्यासाठी तिरस्कार, कंटाळा, गंमत सगळं येऊन गेलं होतं. भीती हा पदार्थ नवा होता. त्याची चव घेऊन बघावी असं कुणालाही वाटलं असतं.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "ह्या घरात सध्या कुणाला घर लागणार आहे?"

आणि त्यानं चमचा पुढं केला. म्हातारा चमच्याकडे न बघता डब्याकडे बघत होता. मग टेबलावरच्या कापलेल्या डब्याकडे. मग छपराकडे. उस्तादांचं अंग गेलं होतं, डोकं नव्हतं गेलं. प्रत्येक घोटाबरोबर आपल्याच डोक्यावर एकेक गंजका पत्रा चढतोय, हे त्यांना त्याच दुपारी कळलं. पत्रा जळून पोचला तर गळकं घर, नाही जळला तर बिनछपराचं. त्यांनी दात आवळले.

दूध हनुवटीवरून गळ्यात उतरलं. अ-चिननं पुसलं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही.

"बाबा, एक घोट," पी-शिया रडकुंडीला येऊन म्हणायची. "माझ्यासाठी. चव आवडत नाही का? दुसरं आणू?" मग नवऱ्याकडे वळून, "तू काही बोललास का त्यांना?"

"मी काय बोलणार? ह्या घरात मी कधी बोललोय?"

हेही खरंच होतं.

डॉक्टरनं नाकातून नळी घातली. म्हाताऱ्यानं चालत्या हातानं ती ओढून काढली. डॉक्टर म्हणाला, हात खाटेला बांधा. पी-शियाला ते बघवेना.

"बांधूया का मग?" अ-चिननं अगदी साळसूदपणे विचारलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं दोरी परत खुंटीला लावली.

छप्पर एका पत्र्यावर येऊन अडलं होतं. गच्चीवरच्या खोलीचा, पलंगावरचा तेवढा पत्रा राहिला होता, आणि डबा अर्धा भरलेला. म्हातारा दिवसेंदिवस वाळत चालला होता, पण त्या उघड्या चौकोनाकडे बघताना त्याची चालती बाजू जरा सैल पडायची. जिंकत होता ना तो. अ-चिनला मनातून कौतुकही वाटलं. एकदा तर पाझर फुटल्यासारखं झालं. म्हाताऱ्याची पाठ पुसता पुसता बरगड्या हाताला लागल्या, आणि त्यानं ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"बाबा, ऐका, हे घर..."

"घर... जावई," म्हाताऱ्यानं मध्येच तोडलं, आणि तोंडात होती नव्हती ती थुंकी त्याच्या मनगटावर टाकली.

अ-चिननं मनगट पुसलं. वाक्य गिळलं. दूध नाही तर निदान हे तरी कुणीतरी गिळलं त्या घरात.

आणि मग फांग आला. मयताचा कंत्राटदार आजाऱ्याच्या घरी उगाच येत नाही, पण तो नेहमी काहीतरी खाऊ घेऊन येई, म्हणजे अपशकून वाटू नये.

"काय उस्ताद, कसं काय? अरे वा, तुकतुकी आलीय चेहऱ्यावर!" असं त्या कवटीला म्हणून त्यानं पिशवीतून या वेळी एक मोठा रिकामा डबा काढला. "अ-चिन, घे. बिस्किटं संपली, डबा ठेवलाय तुझ्यासाठी. पत्रा मस्त पातळ आहे. अजून हवे तर माझ्याकडे ढीग पडलाय."

खाटेवरून एक आवाज आला. टायरमधून हवा जावी तसा. फांगला वाटलं म्हाताऱ्याला बिस्किटं हवी होती. "अरेरे, एखादं ठेवायला हवं होतं," तो हळहळला.

अ-चिन डबा हातात फिरवत राहिला. तो डबा कुठूनही मिळाला असता, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. समोरच्या कालवंवालीकडे मिळाला असता, देवळाच्या मागं मिळाला असता. म्हातारा उपाशी राहून जो पत्रा अडवत होता तो कधी अडलाच नव्हता. हे आता म्हाताऱ्यालाही माहीत झालं. अ-चिननं त्याच्या देखतच डबा कापला.

त्यानंतर उस्तादांनी दूध मागितलं असतं तरी पोटानं घेतलं नसतं. वेळ निघून गेली होती.

शेवटचा पत्रा बसला, मीठ खरवडून झालं, चहाचे ओघळ वाळले. त्या दिवशी तिन्हीसांजेला अ-चिननं दुकानाचं शटर ओढलं आणि छोट्या घराच्या पोटात पेटती बॅटरी ठेवली. उस्तादांचीच जुनी बॅटरी. गंजानं खाल्लेल्या प्रत्येक जागेतून, प्रत्येक जोडातून उजेड निघाला आणि दुकानाच्या छतावर, भिंतींवर, म्हाताऱ्याच्या पांघरुणावर ठिपकेच ठिपके पसरले. सुंदर दिसत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"बघा बाबा. मोजा. कामटी देऊ का हातात?"

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. रडतोय की हसतोय, हे त्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. मग डावा हात वर आला. एक बोट वरच्या खोलीकडे.

"चूक."

"काय चूक?"

"तिथं... नाही. गळती." बोट इंचभर सरकलं. "इथं. उशी... वर."

अ-चिनचा हात थांबला. त्यानं छपराची चाळणी केली होती, पण ती एक जागा, का कोण जाणे, कोरीच ठेवली होती. कदाचित ती त्याची स्वतःची होती म्हणून.

"तुम्हाला नेमकी जागा कशी ठाऊक? लग्नानंतर तुम्ही तर कधी वर आला नाहीत."

"खिळा." म्हातारा दम घेत होता. "खोलगटात... मारला. मी."

पत्रा ठोकणारं कुणीही पोर सांगेल की खिळा पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा. पाणी खोलगटातून वाहतं. तिथं मारलेला खिळा म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. आणि उस्ताद हुंग थिएन-लू कागदावर टाचणीएवढं भोक सहन न करणारा माणूस.

"चुकून मारलात," अ-चिन खाली वाकून म्हणाला, "का मुद्दाम? बाबा. चुकून का मुद्दाम?"

चेहऱ्याची डावी बाजू हलली. उजवी नाही. त्याला हसणं म्हणायचं की नुसता स्नायू, यावर अ-चिन आजही विचार करत असेल. दोन दिवसांनी म्हातारा गेला, सकाळी, पी-शिया शेडवर जायला निघाली होती तेव्हा.

रडणं आटोपल्यावर पी-शिया पहिलं वाक्य हेच बोलली. "बाबांचं घर तू हातानं करायचं. छापील चालणार नाही."

"करतो," अ-चिन म्हणाला.

"ते गंजकं नाही. बाबांचं घर म्हणजे बाबांच्या पद्धतीचं."

"माहीत आहे. लाल कौलांचं."

आणि त्यानं केलं. दुकानात उस्तादांनी साठवलेला सगळा चांगला कागद काढला. कामट्या तासल्या, खळ शिजवली. आढ्याची दोन्ही टोकं अशी उचलली की पाकोळी आत्ता उडेल. आढ्यावर माशांची रांग, दारावर हुंग नाव, अंगणात नोकर नि मोलकरीण, आणि संडास, आठवणीनं. आत मोठा पलंग, नक्षीचा, त्यावर रेशमी कागदाची उशी. ती उशी त्यानं खळीनं पलंगाला पक्की चिकटवली. गल्ली बघायला लोटली. म्हाताऱ्या बायका पी-शियाचा हात दाबून म्हणाल्या, "पोटचा मुलगा असता तर इतकं केलं नसतं गं. नशीब काढलंस."

जाळण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं शटर ओढलं, घरात बॅटरी ठेवली आणि सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. अंधार. ठिपकाही नाही. उस्तादांच्या उभ्या आयुष्यात असं छप्पर झालं नव्हतं. अ-चिन उभा राहून त्या काळोखाकडे बघत राहिला. मग त्यानं दाभण घेतलं, दोन कौलांमधल्या खोलगटात, उशीच्या बरोबर वर टेकवलं, आणि दाबलं.

उजेडाची एक बारीक सळई वर छताला जाऊन लागली. त्याच्या पोटरीवर काही बसलं नाही. त्यानं बॅटरी विझवली.

दुसऱ्या दिवशी नदीच्या बांधावर घर पेटवलं. भटक्या भुतांनी मध्येच बळकावू नये म्हणून सगळ्या नातलगांनी एक दोरी हातात धरून घराभोवती कडं केलं. अ-चिन पी-शियाच्या शेजारी होता. दोरी त्यानं इतरांपेक्षा घट्ट धरली होती, कारण त्याला खरंच काळजी होती की हे घर दुसऱ्या कुणाला जाऊ नये.

"बाबा, घर घ्या! घर आलंय!" पी-शिया ओरडली.

"घ्या, बाबा!" अ-चिन ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"असं घर उस्तादांनी स्वतः केलं असतं तरी मिळालं नसतं," फांग डोळे पुसत म्हणाला. त्याचे डोळे धुरानं नेहमीच पाणावतात, तरी त्या दिवशी खरेच पाणावले असावेत.

गंजकं घर अ-चिन थायनानला घेऊन गेला. मरणाऱ्यानं दाखवलेल्या जागी त्यानं खिळ्याचं भोक पाडलं होतं, त्याखाली ओघळ, आणि आत उशीवर तपकिरी डाग. परीक्षक एक चष्मेवाला तरुण होता. त्यानं खाली वाकून बराच वेळ पाहिलं, रंगकामाची तारीफ केली, मिठाची युक्ती विचारून घेतली, आणि म्हणाला, "फक्त एक गोष्ट, काका. खिळा खोलगटात कुणी मारत नाही. प्रत्यक्षात असं होत नसतं. तेवढं एक खोटं वाटतं." अ-चिनला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. त्यानं वाद घातला नाही.

पी-शिया आता खाली झोपते. तो अजून वरच झोपतो, त्याच पत्र्याखाली. पत्रा बदलायला आता कुणाची परवानगी लागत नाही, पण बदललेला नाही.

परवा सकाळी तो पेज आणि खारवलेले शिंपले घेऊन बसला होता. पी-शिया समोर येऊन उभी राहिली, चेहरा उतरलेला.

"बाबा आले होते स्वप्नात."

"काय म्हणाले?"

"काही नाही. नुसते उभे होते. केस सगळे ओले होते, कपाळावरून पाणी निथळत होतं. असं का रे? घर तर तू इतकं चांगलं केलं होतंस."

अ-चिननं शिंपल्याचं टरफल चोखून बाजूला ठेवलं.

"परत आले तर सांग त्यांना," तो म्हणाला, "उशी सरकवा म्हणावं."